इंजिनाचं पाणी

आमच्या वेळखारच्या माणसांना आजूबाजूची गावं कंजूष म्हणत. पाहुणा आला तर आम्ही भाकरी वाढू, सुकट भाजू, वेळेला कोंबडीही कापू, पण पाण्याचा तांब्या पुढे करताना आमचा हात जड व्हायचा. ज्यांच्या दारात बारमाही विहिरी, त्यांना नावं ठेवायला काय जातंय? मी स्वतः पेणच्या वरच्या अंगाच्या गावातून लग्न होऊन इथे आले. माहेरी आम्ही अंगणात सडा घालायला चार चार कळशा ओतायचो. इथे पहिल्याच सकाळी पाय धुवायला तांब्याभर पाणी घेतलं, तर सासूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची दुभती म्हैस विकून आले होते.

गाव न्हाव्याच्या बाजूला, खाडीकाठी. तीन अंगांना मिठागरं, चौथ्या अंगाला भरतीचं पाणी शिरणारं खाजण. उकरावं तिथे खारं लागायचं. फक्त वरच्या टोकाला, चिंचेखाली एक विहीर होती. तिला सगळे गोडी बाव म्हणत. चहूकडे खारं असताना हिचंच पाणी गोडं कसं, असं मी सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, "पावसाचा पानी खाऱ्या पान्याचे उरावर निजलाय. त्याला उठवायचा न्हाय."

म्हणून त्या विहिरीवर रहाट नव्हता आणि मोठी बादली चालत नव्हती. काथ्याच्या दोरीला बांधलेला लहानसा पोहरा, तोसुद्धा आवाज न करता सोडायचा. वरचं वरचं पाणी घ्यायचं, खाली बुडवायचा नाही. फाल्गुन लागला की दिवसाला घरटी दोन हंडे, मग तुमच्या घरात लग्न असो की मयत. खाडीपलीकडच्या एका गावाने हावऱ्यासारखं उपसलं, तर खालचं खारं वर आलं आणि पुन्हा खाली गेलंच नाही. ते गाव मोडलं. ही गोष्ट आमच्याकडे पोरांना बागुलबुवासारखी सांगत.

सासूचं नाव बायजा. विहिरीची राखण तिच्याकडे. कोणी बैठक घेऊन दिलेली नव्हती, तिच्या सासूकडे होती म्हणून तिच्याकडे आली. पहाटे ती ओंजळभर पाणी चाखायची, मान हलवायची, मग बायका रांगेने पुढे व्हायच्या. नवरा लवकर गेला, मिठागरात राबून तिने एकुलतं पोर वाढवलं. नेसूचं लुगडं फाटकं, पण गावात तिचा शब्द खाली पडायचा नाही. पाटलाच्या बायकोने एकदा तिसरा हंडा मागितला तर म्हणाली, "पाटील तुजा घरवाला हाय, बाव न्हाय." मला तिची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे सुनांना सांगायला नको.

आता आगगाडीची गोष्ट.

मिठागरं रतनजी शेठची होती. पारशी माणूस, राहायला मुंबईत, मनाने चांगला. एखाद्या दुष्टाने आमचं वाटोळं केलं असतं तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पूर्वी मिठाच्या पाट्या बायका डोक्यावरून बंदरावर न्यायच्या. शेठनी तिथे हातभर रुंदीचे रूळ टाकले आणि लोखंडी डबे आणले. बायकांच्या माना सुटल्या. मग त्यांच्या शौकाने उचल खाल्ली आणि एकोणीसशे एकतीसच्या दिवाळीनंतर त्यांनी विलायतेहून त्या रुळांवर चालणारं इंजिन मागवलं.

इंजिन माझ्या कमरेइतकं उंच. पण धुराडं, शिट्टी, पितळी पट्टे, पोटात बंब, सगळं खऱ्यासारखं. शेठ त्याच्या मागे एका पेटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि स्वतः चालवत. कोळसा घालायला आणि पाणी भरायला त्यांनी माझा नवरा मोरू निवडला. मोरूचं डोकं तेव्हापासून ठिकाणावर राहिलं नाही. तोंडाला लागलेली काजळी तो घरी येईपर्यंत पुसायचा नाही, लोकांना दिसली पाहिजे ना!

मुंबईत शेठसारख्याच शौकीन लोकांची एक सोसायटी होती. लहान आगगाड्यांची सोसायटी. त्यात रेल्वेतले कारकून होते, पेन्शनीतले गार्ड होते, एक डॉक्टर होता, दोन गोरे होते. हे लोक दर रविवारी एकत्र जमून आगगाड्यांबद्दल बोलत, असं मोरूने सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पोटापाण्यासाठी सहा दिवस रेल्वेत घालवून सातव्या दिवशी परत तेच कोण बोलेल? पण ती माणसं खरोखरच होती आणि पुढच्या चैत्रात एक दिवस आमच्याकडे सहलीला येणार होती.

त्या सहलीत आमचा जीव अडकला, त्याला कारण शेठचं एक वाक्य. मिठागराचा मुकादम रावजी, म्हणजे माझा चुलत सासरा. एके दिवशी कचेरीच्या ओट्यावर उभं राहून शेठ त्याला म्हणाले, "रावजी, ही लाइन त्या डोंगराखालच्या तलावापर्यंत नेली तर? एक टाकीचा डबा लावायचा. रोज सकाळे तुमचे गावात गोडा पानी." तलाव कोसभर लांब. तिथे पाणी होतं, पण वाट खाजणातून, आणि ते दुसऱ्या गावाचं. रावजीने विचारलं, कधी? शेठ म्हणाले, "सोसायटीचे लोक येऊन बघू दे. खूश झाले तर सगळे मिळून हात लावतील."

एवढंच. पण रावजीने ते गावात आणलं तोवर त्याला हातपाय फुटले होते. आगगाडीतून पाणी येणार! आमची शेजारीण शकू म्हणाली, "मी तर पयला डोका धुवीन, दोन येला धुवीन." बायका किती हंडे भरायचे यावरून आत्ताच भांडायला लागल्या. मोरूला तर नोकरीच दिसत होती, कोसभर लाइनीचा ड्रायव्हर. मीही मनातल्या मनात माहेरच्यासारखा सडा घालून पाहिला.

सासू एकटी म्हणाली, "गारीचा पानी गारीवाल्याचे हातात. बावीचा आपले."

पण तीही आडवी आली नाही. सहलीच्या दिवशी इंजिनाला गोडंच पाणी लागणार होतं, खाऱ्याने बंब बिघडतो असं शेठनी बजावलं होतं. तेव्हा सासूनेच तोड काढली. सहलीआधी काही दिवस प्रत्येक घराने दोन हंड्यांतला अर्धा हंडा सोडायचा आणि तो कचेरीपाशी रांजणांत साठवायचा. विहिरीतून जास्तीचं काढायचं नाही. गावाने ते केलं. त्या दिवसांत आम्ही भांडी राखेने घासून खाडीच्या पाण्यात विसळली आणि पोरांची तोंडं ओल्या फडक्याने पुसली. सगळे रांजण गळ्यापर्यंत भरले तेव्हा सासू त्यांच्यावर फडकी बांधून आली आणि पहिल्यांदा हसून म्हणाली, "बघू दे तुजे इंजिनाचा पोट किती मोटा हाय."

सोसायटी सकाळच्या भरतीला लाँचने आली. सगळ्यांच्या टोप्यांना निळी फीत. कोणाच्या हातात हिरवी झेंडी, कोणाच्या हातात लाल. एकाने तर वेळापत्रक छापून आणलं होतं. रूळ एक, गाडी एक, ती जाणार आणि त्याच वाटेने परत येणार, आणि त्याला वेळापत्रक! पोटं सुटलेली माणसं मिठाच्या डब्यांवर गाद्या टाकून घोड्यावर बसल्यासारखी बसली. शेठनी शिट्टी वाजवली. गाडी हलली तेव्हा त्या म्हाताऱ्या गार्डांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मलाही गंमत वाटली, खोटं का बोला. पांढऱ्या मिठाच्या राशींमधून ती चिमुकली गाडी धूर सोडत जात होती आणि माझा नवरा शेठच्या मागच्या पेटीवर राजासारखा बसला होता.

सोसायटीचे चिटणीस म्हणून एक गिरगावातले गृहस्थ होते. गोरेपान, चष्मा, बोलणं मऊ. प्रत्येकाला दोनदा बसायला मिळालं पाहिजे, यासाठी ते पळत होते. दोनदा झालं, मग कोणाला तिसऱ्यांदा हवं झालं. शिवाय त्या लोकांनी चहा केला, हातपाय धुतले, एकाने उन्हाचा त्रास झाला म्हणून डोक्यावर रांजणातलं पाणी ओतून घेतलं. कोणाला कसं सांगणार? पाहुणे. दुपार कलायच्या आत रांजणांचा तळ दिसायला लागला.

आणि मुख्य फेरी राहिलीच होती. सगळे सभासद एकाच गाडीत, कचेरीपासून बंदरापर्यंत, सोबत फोटो काढणारा. शेठ रावजीला म्हणाले, "पानी लाव नी. ही फेरी झाली पायजे." एवढं म्हणून ते पाहुण्यांकडे वळले. पाणी कुठून आणणार, ते त्यांनी विचारलं नाही आणि रावजीने सांगितलं नाही.

रावजी चार गडी आणि चार मोठ्या बादल्या घेऊन विहिरीवर आला. सासू काठावर बसली होती. तिला न सांगताच सगळं कळलं असावं.

"वैनी, उठ. येकच फेरी हाय."

"रांजान दिलं ते काय झालं?"

"संपलं. आता गारी थांबली तं सगला फुकट जाईल. तलावाची लाइन गेली समज."

"जाव दे. बाव हाय ना?"

मागे बायका जमल्या होत्या. मला वाटलं होतं त्या सासूच्या बाजूने बोलतील. शकूच पुढे झाली. म्हणाली, "बायजाआत्या, तुजा जनम गेला दोन हंड्यांत, आमचा पन घालवतेस काय?" तिच्या मागून आणखी दोघी-तिघी बोलल्या. आजवर ज्या तोंडांनी तिला मान दिला होता त्याच तोंडांतून हे आलं. विहिरीची मालकीण समजते स्वतःला, असंही कोणी तरी म्हणालं. सासू त्या प्रत्येकीकडे बघत होती, पण उठली नाही.

मग मोरू आला. काजळीने तोंड काळं, डोळे लाल. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि लहानपणी मागत असेल तसं म्हणाला, "आये, माजा नशीब उघडतंय. उद्या मी गारीवरनं पानी आनीन तुला. तूच पयली भरशील. उठ ना गे."

ती उठली. माणूस गावापुढे टिकतो, पोरापुढे टिकत नाही.

चार बादल्या एका वेळी आत पडल्या. तो आवाज त्या विहिरीने कधी ऐकला नव्हता. पाणी बघता बघता उतरलं, मग गढूळ झालं, मग बादल्या तळाला लागून खरवडायला लागल्या. इंजिनाची टाकी अर्धीही भरली नव्हती. आता मात्र रावजीने जे केलं ते फक्त मिठागराचा माणूसच करू शकतो. आमच्याकडे खाडीचं पाणी पाटाने आत घेतात. पाटात गाळ बसला की पाणी थबकतं. फावड्याने गाळ ओढला की पाणी धावत येतं. पिढ्यान् पिढ्या हाताला तेच वळण. रावजीने आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "गाल बसलाय तलाला. तो काढा, झरा मोकला व्हईल."

फावडं घेऊन मोरू उतरला. तळाला निळसर काळी चिकण माती होती, लोण्यासारखी. त्याने ती टोपल्या भरभरून वर दिली. जे लोक दर वर्षी तीच माती तुडवून मिठाची जमीन बनवतात, पाणी खाली जिरू नये म्हणून, त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नाही की इथे ती खालचं खारं पाणी वर येऊ नये म्हणून असेल. सासू मातीच्या ढिगापाशी उभी होती. तिलाही माती कळत नव्हती, तिला फक्त पाणी कळत होतं. "पुरे कर मोऱ्या, वर ये," एवढंच ती परत परत म्हणत होती.

तेवढ्यात खालून मोरू ओरडला, "आला! आला!" त्याच्या पायाखालून पाणी फुटलं होतं. गुडघ्यापर्यंत चढलं, मांडीपर्यंत चढलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, शकू नाचायला लागली. मोरू हसत हसत दोरीने वर आला. खाडीला तेव्हा संध्याकाळची भरती लागली होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सासूने पहिल्या बादलीत बोटं बुडवून जिभेला लावली. "मचूळ लागतंय," ती म्हणाली.

"माती कालवली हाय, वैनी," रावजी म्हणाला. "नवा पानी तसाच लागनार." आणि त्याने बादली तिच्या हातातून घेऊन पुढे दिली.

मुख्य फेरी सुरू झाली. अर्ध्या वाटेपर्यंत गाडी ऐटीत गेली. मग शिट्टी वाफेऐवजी पाणी थुंकायला लागली, धुराड्यातून फेस उडाला आणि शेठच्या पांढऱ्या कोटावर शिंतोडे पडले. बंबात पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीत नुसता फेस नाचत होता. शेठनी घाबरून बंबाखालचा विस्तव बाहेर ओढायला लावला. इंजिन मिठाच्या राशींमध्ये उभं राहिलं.

आम्हाला वाटलं आता पाहुणे रागावतील. पण ते तर खूश झाले! कोट काढले, बाह्या दुमडल्या आणि सगळे मिळून गाडी ढकलायला लागले. म्हातारे गार्ड लाल झेंड्या हलवत पुढे पळत होते. गोरे साहेब डब्यावर बसून हुकूम देत होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर बंदरावर एक जण म्हणाला की आजच्या दिवसातली हीच खरी मजा. मोरू इंजिनाला पाठ लावून ढकलत होता. तो मात्र हसत नव्हता.

लाँच सुटायच्या बेतात होती. मोरूने धीर करून चिटणीसांना गाठलं. मी पलीकडेच उभी होते. तो म्हणाला, "साहेब, आज जरा बिघडलं. पन तलावापरेन लाइन घालाल तवा आसं व्हनार न्हाय."

चिटणीस थांबले. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं, मग चष्म्यातून त्याच्याकडे आदराने बघत विचारलं, "कोणता तलाव?"

मोरूने शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "हां हां, ते पुढे पाहू, पुढे पाहू," आणि पाहुण्यांना हात द्यायला फळीकडे गेले. ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मनात एक दिवस आलं, त्यांनी बोलून टाकलं, आणि मनातून ते निघून गेलं. मोठ्या माणसांच्या मनात रोज पुष्कळ काही येत असतं. निळ्या फितींच्या टोप्या हलल्या, लाँच खाडीत वळली. मोरू ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूने पाणी चाखलं. मान हलवली नाही. परत चाखलं. रांग मागे उभी होती. तिने पोहरा काठावर ठेवला आणि बाजूला झाली. मग प्रत्येकीने स्वतः चाखून पाहिलं, जणू आपल्या जिभेला तरी वेगळं लागेल. शकूने तोंडातलं पाणी थुंकलं नाही, गिळलं आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

मोरू त्यानंतर रोज विहिरीत उतरला. निळी माती टोपल्यांनी परत आत नेली, तळाला थापली, मिठागरात तुडवतात तशी पायांनी तुडवली. पण मिठागरात माती उन्हात तुडवतात, पाण्याखाली नाही. ती बसेना. वर यायचा तेव्हा त्याचे पाय खाऱ्याने फुटलेले असत. रावजीने एकदा त्याला थांबवायला हात धरला तर मोरूने त्याला ढकलून दिलं. शेठनी माणूस पाठवून विचारपूस केली, वाईट वाटल्याचं कळवलं आणि इंजिन दुरुस्तीला मुंबईला नेलं.

आम्ही पावसाची वाट पाहिली. एवढा पाऊस त्या साली झाला, वाटलं धुऊन जाईल सगळं. आषाढात पाणी जरा बरं लागलं, तर बायकांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं. गणपती बसेपर्यंत परत मचूळ. दिवाळीला तोंडात धरवेना. आम्ही कोसभर चालून तलावावर जायला लागलो. तिथले लोक आपली गुरं पाजून झाल्यावर आम्हाला सोडत. त्यांचंही बरोबर होतं, त्यांचा तलावही माघात आटायला लागला. शकूचं घर पनवेलला गेलं. दोन-चार घरं मुंबईच्या गोदीत हमालीला गेली. मागे राहिलेल्यांना जायला जागा नव्हती म्हणून ती राहिली. आम्ही पुढे मुंबईत आलो, तिथे एका बाईंच्या वर्गात मी अक्षरं शिकले, म्हणून हे कागदावर तरी उतरतं आहे. पण तेव्हा आम्ही मागे राहिलेल्यांतच होतो.

सासू मोरूशी बोलायची बंद झाली. शाप नाही, टोमणा नाही. वाढलेलं ताट त्याच्यापुढे सरकवायची आणि मला म्हणायची, "सांग त्याला, खाऊन घे." दोघं एका खोलीत, हातभर अंतरावर, आणि मध्ये मी. एकदा मोरू तिच्या पायावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. तिने पाय मागे घेतले नाहीत. भिंतीकडे बघत बसून राहिली. त्यापेक्षा तिने लाथ मारली असती तर बरं झालं असतं. तलावावर ती कधी आली नाही. दुसऱ्याच्या पाण्यावर रांगेत उभं राहणं तिला जमणार नव्हतं. मी आणायची त्यातलं घोटभर प्यायची, बाकी आम्हाला ठेवायची.

पुढच्या चैत्रात सोसायटी परत आली.

इंजिन नव्यासारखं चकचकीत झालं होतं. आणि ही शहाणी माणसं, एकदा केलेली चूक दुसऱ्यांदा न करणारी. या वेळी त्यांनी लाँचमधून पाण्याची पिंपं भरून आणली होती. मुंबईच्या नळाचं गोडं पाणी, इंजिनासाठी. चिटणीसांनी मोजून मापून किती फेऱ्यांना किती लागेल ते काढलं होतं. मोरूला कामावर बोलावलं होतंच, इंजिनाचं पोट त्याच्याइतकं कोणाला माहीत? तो गेला. न जाऊन काय करणार होता? पिंपाचं झाकण उघडून तो एकेक बादली टाकीत ओतत होता आणि मिठागराच्या बांधावर गाव उभं राहून बघत होतं. कोणी काही मागितलं नाही. पाणी ओतल्याचा आवाज ऐकायला आलो होतो म्हटलं तरी चालेल. एक बादली हिंदकळली तेव्हा बांधावरच्या सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम 'अगं' निघालं.

या वेळी सगळ्या फेऱ्या झाल्या. मुख्य फेरी बंदरापर्यंत जाऊन आली. फोटो निघाला. पिंपं रिकामी झाली, कारण हिशेब अचूक होता.

संध्याकाळी चिटणीस मोरूला म्हणाले, "बंबातलं पाणी सोडून दे हां, नाहीतर गंज धरेल. तिकडे खाजणात सोड."

मोरूने इंजिन खाजणाकडे नेलं नाही. तो बंबाच्या तळाशी असलेल्या नळीपाशी उकिडवा बसला आणि बांधाकडे पाहिलं. मी हंडा घेऊन खाली उतरले. माझ्या मागे आणखी बायका उतरल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही रांगेतच उभ्या राहिलो. नळी उघडल्यावर आधी वाफ आली, मग तांबूस, तेलाचा तवंग असलेलं कढत पाणी. चिटणीस धावत आले. "अहो, हे पिण्याचं नाही हो! गंज आहे यात, तेल आहे!" ते खरंच कळवळून सांगत होते. आम्ही ऐकून घेतलं आणि हंडे भरत राहिलो. मग त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लाँचकडे निघून गेले. त्यांचं मन मोठं होतं. मोठ्या मनाने आमचा एक हंडाही भरला नाही, पण होतं.

माझा हंडा भरून मी वळले तर रांगेच्या शेवटी सासू उभी होती. घरातून कधी निघाली, कळलं नाही. कडेला हंडा, पदर डोक्यावर. पुढच्या बायका तिला वाट द्यायला सरकल्या, तर तिने मान हलवली आणि आपली पाळी येईपर्यंत थांबली. तिची पाळी आली तेव्हा धार करंगळीएवढी उरली होती. हंडा अर्धा भरला आणि नळी ठिबकायला लागली. मोरूने पहार घालून इंजिन जरा कलतं धरलं, आणखी थोडं निघालं. तो वर बघत नव्हता.

"आये, कढत हाय," तो म्हणाला. "जपून."

तिने हंडा उचलून कडेला घेतला. लुगड्यातून चटका बसला असणार, पण तिने बाजू बदलली नाही. दोन पावलं गेली आणि थांबली. मग वर्षभरात पहिल्यांदा ती आपल्या लेकाशी बोलली.

"उद्या हाय का रं?"

मोरूने नळी बंद केली, परत उघडली, परत बंद केली.

"न्हाय आये," तो म्हणाला. "आता पुढचे साली."